वेरूळ ते औंढा, पाच दिवस सायकलवर: बॅग सगळ्यात शेवटी घ्या

ताई, तुमच्या एका प्रश्नात चार-पाच प्रश्न गुंतलेत, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही दोघी मैत्रिणी, राहणार लातूर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वेरूळहून निघायचं आणि पैठण, बीड, अंबाजोगाई, परळी, परभणी करत औंढ्याला पोचायचं. म्हणजे मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं एका फेरीत. अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास, दिवस पाच, त्यातली एक रात्र नाथसागराच्या काठी तंबूत काढायची हौस. दोघींकडे हायब्रिड (डांबर आणि थोडा कच्चा, दोन्हीला चालणाऱ्या) सायकली, ७०० बाय ३८ चे टायर, पुढे सस्पेन्शन. तुमची उंची पाच फूट दोन इंच आणि फ्रेम सगळ्यात लहान मापाची. प्रत्येकी वीस हजार बाजूला काढलेत. हँडलबारची बॅग, फ्रेमच्या त्रिकोणातली बॅग आणि सीटमागची लांबडी बॅग असा तिन्ही बॅगांचा सेट घ्यावा का, हे विचारताय. शिवाय तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग लागेल का आणि कुठे काय भरायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सेट आत्ता घेऊ नका. बॅग ही या यादीतली शेवटची वस्तू आहे. आधी झोपणार कुठे ते ठरतं, त्यावरून सामान ठरतं, सामानावरून वजन आणि आकारमान ठरतं, आणि मग ते कशात बसेल हे कळतं. बहुतेकजण उलट्या टोकाने सुरुवात करतात. बॅग आली की तिची रिकामी जागा बघवत नाही आणि ती भरेपर्यंत घरातल्या वस्तू आत जात राहतात. परभणीत माझं सायकलचं दुकान आहे. स्वतः फिरतो आणि लांब निघालेल्यांच्या सायकली बांधूनही देतो. त्यामुळे परत आलेल्या बॅगा पाहायला मिळतात. काही घासलेल्या, काही फाटलेल्या, आणि बऱ्याच अशा की ज्यांचे खालचे दोन कप्पे पाच दिवसांत उघडलेलेच नसतात.

आता यातलं काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो. मी जे लिहितोय ते डिसेंबरच्या मराठवाड्यासाठी, डांबरी आणि थोड्या कच्च्या रस्त्यासाठी, आणि गाव दर पाच-दहा किलोमीटरला लागतं हे धरून. हीच फेरी एप्रिलात करणार असाल तर पाण्याचा हिशोब पार बदलतो. जूनमध्ये असेल तर काळ्या मातीमुळे रस्ताच बदलावा लागतो. आणि तुमची उंची पाच फूट दहा इंच असती तर बॅगेबद्दलचं उत्तर वेगळं आलं असतं.

झोपेपासून सुरुवात करू. तुमचे मुक्काम मी नकाशावर मांडून पाहिले. पहिल्या दिवशी वेरूळ ते पैठण, संभाजीनगर ओलांडून, साधारण ऐंशी किलोमीटर. मग बीड, मग अंबाजोगाई किंवा परळी, मग परभणी. चारही रात्री तुम्ही लॉज किंवा भक्तनिवास असलेल्या गावात आहात. पैठणला नाथांच्या दर्शनाला वर्षभर माणसं येतात, परळीला वैजनाथामुळे तेच, बीड आणि परभणी तर जिल्ह्याची ठिकाणं. मग तंबू, गादी आणि जाड स्लीपिंग बॅग मिळून प्रत्येकी तीन-साडेतीन किलो तुम्ही एका रात्रीच्या हौसेसाठी ४०० किलोमीटर ओढणार. हौसेला मोल नसतं हे खरं, पण मांजरसुंब्याचा घाट चढताना ते मोल पायाला कळतं.

शिवाय नाथसागराबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. जायकवाडीचा जलाशय आणि त्याचा काठ हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे बाहेरून पक्षी उतरतात आणि तेव्हाच तुम्ही जाताय. वनविभागाच्या परवानगीशिवाय काठावर तंबू ठोकता येणार नाही. पहाटे पक्षी बघायला जा, झोपायला पैठणात या.

तरीही एक रात्र उघड्यावर काढायचीच असेल तर दोघींत एकच तंबू घ्या आणि तो वाटून न्या. एकीकडे कापड, दुसरीकडे दांडे आणि खुंट्या. जागा म्हणून गावातलं मंदिर किंवा शाळेचं आवार बघा. अंधार पडायच्या आधी पोचा. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना विचारा, आणि घरातल्या बायकांशी बोला. दोघी मुली सायकलवर आल्यात म्हटल्यावर बहुतेक वेळा तंबू उघडायची वेळच येत नाही. कोणीतरी म्हणतंच, बाहेर कशाला, आत या. पण त्या भरवशावर निघू नका. मुक्कामाचा फोन आदल्या दिवशी करून ठेवा.

तंबूचं कापड जड वाटलं तर मच्छरदाणीवर भागवता येईल असं वाटतं, आणि देवळाच्या सभामंडपात भागतंही. मात्र एक नियम मी सगळ्यांना सांगतो: जमिनीवर झोपायचं असेल तर तळाशी शिवलेली, चारही बाजूंनी बंद होणारी जाळीच घ्या. आपल्याकडे मण्यार रात्री फिरते आणि बहुतेक दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांनाच होतात. बरेचदा दुखतही नाही, त्यामुळे झोपेत कळत नाही. हिवाळ्यात साप कमी दिसतात, पण नसतात असं नाही. खाली लटकणारी जाळी गादीखाली नीट खोचली तरी चालते, नुसती अंगावर ओढलेली चालत नाही. बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकून घाला.

अंथरायला हवा भरायची गादी घेऊ नका. दुकानात ती मऊ आणि मुठीएवढी दिसते, पण आपल्या भागात जिथे सपाट जमीन दिसते तिथे सराटा असतोच. फोमची घडीची चटई घ्या. ती फुगलेली दिसते, वजनाला काहीच नसते, कॅरिअरवर आडवी बांधता येते, आणि दुपारी झाडाखाली पाठ टेकायलाही उपयोगी पडते. पांघरायला काय, हा प्रश्न परभणीकराला विचारताय म्हणून सांगतो. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली येतो, दरवर्षी पेपरात बातमी असते. लॉजमध्ये ब्लँकेट मिळतं, पण ते कोणी कधी धुतलं ते विचारू नये. सुती चादर शिवून पिशवी करा, वर त्यांचं ब्लँकेट घ्या. बाहेर झोपणार असाल तरच हलकी स्लीपिंग बॅग, पण दहाच्या खालच्या थंडीत चालणारी.

स्टोव्ह नको. यावर मी फार लिहीत नाही. सकाळी टपरीवर चहा-पोहे, दुपारी खानावळ किंवा ढाबा, रात्री मुक्कामाच्या गावात जेवण, इतकं या रस्त्यावर सहज मिळतं. खाण्याचं सामान म्हणजे मधल्या भुकेचं. लातूरच्या घरून निघताना दशम्या करून घ्या. दुधात भिजवलेल्या असल्यामुळे थंडीत दोन-तीन दिवस सहज टिकतात. धपाटे पहिल्या दिवसासाठी. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ-शेंगा. बाजारातल्या एनर्जी बारची पाकिटं मी कुणाला घेऊ नका म्हणत नाही, पण चालत्या सायकलवर तोंडात टाकायला गुळाचा खडा आणि मूठभर शेंगा यांच्यापेक्षा सोयीचं काही मला अजून सापडलेलं नाही.

पाणी. प्रत्येकी तीन लिटर नेण्याची सोय हवी, रोज तीन भरून निघायलाच पाहिजे असं नाही. थंडीत दोन लिटर भरून निघा आणि जिथे जारचं पाणी मिळेल तिथे भरत जा. तिसऱ्या लिटरची जागा रिकामी ठेवायची ती बीडनंतरच्या चढासाठी आणि दुपारी दुकानं बंद असलेल्या पट्ट्यासाठी. एक लिटर म्हणजे एक किलो, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण सामान भरताना सगळे विसरतात आणि रिकाम्या बाटल्या धरून वजन करतात. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ लागतं, ते पोटाला नवीन असेल तर टाळा. ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच टाका, हे प्रमाण मोडू नका. अर्ध्या बाटलीत आख्खी पुडी टाकून घोट घोट पिणारे मी पाहिलेत, त्याने तहान वाढते.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो, आणि त्या वीस हजारांतला पहिला खर्च मी इथेच करायला सांगेन: काटे.

आपल्याकडे दोन शत्रू आहेत. एक बाभळीचा काटा, त्यात वेडी बाभूळ आलीच, लांब आणि सरळ आत जाणारा. दुसरा सराटा, लहान पण चारी बाजूंनी टोकं असलेला, कसाही पडला तरी एक टोक वर. डिसेंबरात सराटे वाळून कडक झालेले असतात आणि त्याच वेळी शेताच्या कुंपणाला काट्या लावायचं काम चालू असतं. बाभळीच्या फांद्या ट्रॅक्टरमागे किंवा बैलगाडीमागे फरफटत नेतात, त्यांचे काटे डांबरावर गळतात. म्हणून रस्ता डांबरी आहे या समाधानात राहू नका. गाडीला वाट देताना डांबर सोडून कडेला उतरलात, की बहुतेक पंक्चर तिथलंच. ट्रक मागून आला तर आधी वेग कमी करा, थांबायचं असेल तर सायकल उचलून कडेला ठेवा, ढकलत नेऊ नका.

टायर पंक्चर-संरक्षक पट्टी असलेले घ्या. तुमचे मूळ टायर दोन वर्षांचे आहेत असं लिहिलंय, रबर बोटाने दाबून बघा, बारीक भेगा दिसल्या तर बदलाच. टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी प्लास्टिकची पट्टीही मिळते. ती सराट्यासाठी चांगली, लांब काट्यासाठी निम्मीच कामाची. पट्टी बसवताना तिचं कापलेलं टोक थेट ट्यूबवर येऊ देऊ नका, कापडी चिकटपट्टी लावा, नाहीतर तेच टोक ट्यूब घासून भोक पाडतं. ट्यूबलेस करून घेऊ का, असं विचारलंय. नवीन सायकल घेताना जरूर करा, पण निघायच्या महिनाभर आधी, तेही रिम त्यासाठीची नसताना, करू नका. आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, आपल्या उन्हात लवकर वाळतं आणि ते वाळलं की रस्त्यात टायर पुन्हा बसवायला जोरदार हवा लागते, ती हातपंपाने मिळत नाही.

प्रत्येकीकडे दोन सुट्या ट्यूब, आणि पॅचचा डबा स्वतंत्र. पंप एक चालेल, हवा गावातही मिळते; डबा मात्र दोघींचा वेगळा, कारण दोघी नेहमी एकत्रच असाल असं नसतं. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे की बारीक पितळी, ते आजच बघा. जाड असेल तर प्रत्येक गावात हवा मिळेल. बारीक असेल तर पाच-पन्नास रुपयांचा पितळी अडॅप्टर घ्या आणि तो पॅचच्या डब्यात नाही, व्हॉल्व्हवरच घालून ठेवा, म्हणजे हरवणार नाही. बारीक व्हॉल्व्हच्या रिमला भोकही बारीक असतं, त्यामुळे गावातल्या दुकानात मिळणारी जाड व्हॉल्व्हची ट्यूब त्यात जातच नाही. ७०० मापाची ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळेलच असं नाही. २६ इंची जवळजवळ सगळीकडे मिळते आणि अडचणीत ती ताणून बसवता येते, मुक्कामाला पोचण्यापुरती.

पंक्चर काढणं मी दुकानात शिकवतो, पण एक युक्ती इथे लिहितो, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा खाली. कारण काट्याचं मोडलेलं टोक टायरच्या जाडीत अडकलेलं असतं, बोटाला लागत नाही. टायर बसवताना त्यावरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणायचं. मग ट्यूबला भोक कुठे आहे त्यावरून टायरवर कुठे शोधायचं ते कळतं. नंतर कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवायचा. डिसेंबरात कापूस विकत घ्यायची गरज नाही, बीड-परभणीच्या रस्त्यावर तो बाभळींना लटकलेला असतो. जिथे टोक असेल तिथे तंतू अडकतात. ते टोक बाहेरून ओढायला गेलात तर मोडतं, आतून सुईने किंवा नेलकटरच्या टोकाने बाहेर ढकलायचं, मग बाहेरून चिमट्याने धरायचं. म्हणून माझ्या सामानात भुवयांचा साधा चिमटा कायम असतो, आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांनी तो मागून नेलेला आहे.

इथवर झालेलं एकदा मोजू. तंबू नाही किंवा दोघींत एक. स्टोव्ह नाही. चादरीची पिशवी, फोमची चटई हवीच असेल तर. कपडे दोन जोड: एक अंगावर, एक सुका. रात्रीसाठी स्वेटर आणि कानटोपी, वारा अडवणारं एक पातळ जॅकेट. ते पहाटे घाटाच्या उतारावर लागतं आणि अवकाळी शिंतोडे आले तर तेच चालतं. हत्यारं, ट्यूबा, औषधं, चार्जर, खाऊ. हे सगळं लगेजच्या हुकाच्या काट्याला टांगून बघा. पाणी सोडून सात-आठ किलोच्या आत आलं पाहिजे. दहाच्या वर गेलं असेल तर यादी परत वाचा, बहुतेक कपड्यांतच सापडेल.

आणि आता बॅग. सीटमागची लांबडी बॅग तुमच्या सायकलला जमणार नाही, याचं कारण आवडनिवड नाही, माप आहे. तुम्ही सायकलवर बसता त्या उंचीला सीट ठेवा आणि सीटच्या खालच्या सळयांपासून मागच्या टायरपर्यंत टेपने मोजा. मोठ्या बॅगेला तिथे वीतभर तरी मोकळी जागा लागते, कारण भरल्यावर ती खाली झुकते आणि खड्ड्यात अजून झुकते. लहान फ्रेमवर आणि ७०० च्या चाकावर ती जागा उरत नाही. टायर कापडाला लागला की काही किलोमीटरांत भोक. फ्रेमच्या त्रिकोणाचंही तसंच, लहान फ्रेममध्ये पूर्ण मापाची बॅग घातली की पाण्याच्या दोन्ही बाटल्यांची जागा जाते.

म्हणून तुमच्यासाठी साधं ॲल्युमिनियमचं मागचं कॅरिअर आणि दोन लहान बाजूच्या बॅगा. बाजारातल्या बऱ्याच कॅरिअरवर २५ किलो लिहिलेलं असतं, तुम्ही त्यावर सहा-सात ठेवणार, म्हणजे निवांत. बाजूच्या बॅगा जंगलातल्या अरुंद पायवाटेवर अडकतात, मागून रुंदी वाढते, वारा लागतो, हे सगळे दोष खरे आहेत. गौताळ्याच्या पायवाटांनी जाणार असतात तर मीच नको म्हटलं असतं. तुमचा रस्ता तसा नाही. ज्यांच्याकडे कॅरिअरची भोकंच नसलेली सायकल आहे, किंवा जे खरोखर कच्च्यात जातात, त्यांच्यासाठी तो सेट उत्तम आहे.

कॅरिअर बसवताना दोन गोष्टी बघा. एक, पॅडल मारताना टाच बॅगेला लागते का. लागत असेल तर बॅग मागे सरकवा, लागते तेव्हा दुकानात एकदाच लागल्यासारखी वाटते, दिवसभरात ती हजारो वेळा लागते. दुसरी, बोल्ट. हे पाच एमएमचे बोल्ट, चार नंबरच्या एलन कीने बसतात, आणि भरल्या वजनाने खडखडत हळूहळू सुटतात. निळं थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा डिंक) लावा किंवा मागून नायलॉनचा नट घाला. पहिल्या दिवशी चहाच्या पहिल्या थांब्याला की फिरवून बघा, पुढे रोज सकाळी. दोन सुटे बोल्ट सोबत. खालचा बोल्ट पडला तर कॅरिअर मागच्या चाकात जातं आणि मग स्पोक, डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) सगळंच जातं.

रबरी हुकांनी सामान बांधू नका. हुक सुटला तर तो चाकातच जातो. जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, कुठलाही पंक्चरवाला फुकट देईल. त्या ताणून गाठ मारली की हलत नाही आणि कुठेही घासत नाही. फ्रेमच्या त्रिकोणासाठी छोटी बॅग हवी असेल तर विकतची शोधू नका. पुठ्ठा त्रिकोणात धरून, बाटलीच्या वरची जागा पेन्सिलीने आखून, कापून साचा करा आणि गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडे घेऊन जा. त्याच्याकडे जाड रेक्झिन, मजबूत दोरा आणि जाड चेन तिन्ही असतात. रुंदी बोटांनी चार ठेवायला सांगा, त्याहून जाड झाली तर गुडघे घासतात. लातुरात हे काम एका दुपारचं आहे.

भरण्याचं तत्त्व एकच: जड ते खाली आणि सायकलच्या मधोमध, हलकं ते वर आणि टोकाला. हत्यारं, ट्यूबा, पॉवर बँक, गूळ-शेंगा त्या त्रिकोणातल्या बॅगेत. बाजूच्या बॅगांत तळाला खाऊ आणि औषधं, वर कपडे, आणि दोन्ही बॅगांच्या वजनात अर्ध्या किलोहून जास्त फरक नको. नाहीतर हात सोडून पाणी प्यायला जाल तेव्हा सायकल एका बाजूला ओढेल. हँडलबारवर फक्त हलकं आणि फुगीर, चादर-स्वेटरची गुंडाळी, दोन किलोच्या आत. बांधल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली दबत तर नाहीत ना. अंबाजोगाईकडून परळीला उतरताना दबलेली केबल कळणं हे फार उशिरा कळणं आहे. पाणी कॅरिअरवर मागे ठेवू नका, चढावर पुढचं चाक हलकं पडतं. तिसरी बाटली हँडलबारला लागून कापडी पिशवीत किंवा डाऊनट्यूबच्या (हँडलकडून पॅडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला पट्ट्यांनी.

महागडी वॉटरप्रूफ बॅग तुम्हाला गरजेची नाही. खताच्या पोत्याच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते ती नीट धुवून आतून लावा, वरचं तोंड पिळून दुमडा. पाऊस आलाच तर पुढचे दोन दिवस शिवरस्ते आणि पांदणी सोडून डांबराला चिकटून राहा. ओली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचं थांबतं. मडगार्ड काढून काडीने खरवडत बसण्यात दुपार जाते.

उजेडावर पैसे घाला. हा काळ उसाच्या हंगामाचा आहे. ट्रॉल्या पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर असतात, बऱ्याच मागच्या दिव्याशिवाय, आणि त्यांना ओलांडणाऱ्या गाड्या तुमच्या बाजूला येतात. मागे दोन लाल दिवे, एक सीटखाली, एक कॅरिअरला, कारण बॅग सीटखालचा दिवा झाकू शकते. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. आणि साडेपाचला मुक्कामी. पुढचा दिवा चांगला असला तरी रात्री चालवायचं नियोजन करू नका. परळीच्या आसपास औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे टिप्पर असतात, त्या पट्ट्यात तोंडाला स्टोल आणि डोळ्याला चष्मा. पॉवर बँक १०,००० एमएएचची पुरते, त्यातून फोन एकदा पूर्ण आणि थोडा वर चार्ज होतो, रोज मुक्कामी भरून घ्यायची. नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवा.

हत्यारांत नवीन असं काही नाही: एलन कीचा संच, टायर लिव्हर, चेन जोडायची क्विक लिंक दोन, जुन्या टायरचा हातभर तुकडा फाटलेल्या टायरला आतून लावायला, थोड्या केबल टाय. तुमच्या सायकलचा सुटा डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरणारा छोटा तुकडा, मात्र नक्की घ्या. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि या संपूर्ण रस्त्यावर तुमच्या मापाचा मिळणार नाही. सायकल बसच्या टपावर किंवा रेल्वेत उजव्या अंगाला आडवी पडली की वाकणारी पहिली वस्तू हीच.

निघायच्या दोन आठवडे आधी सगळं बांधून लातूरहून औशामार्गे खरोसा लेण्यांपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन तुमच्या एका दिवसाएवढं अंतर होतं. रिकाम्या बॅगा लावून नाही, पाण्यासकट पूर्ण भरून. हवा त्याच दिवशी ठरवा: तुमच्या वजनाला आणि एवढ्या सामानाला मागे साधारण ५५ आणि पुढे ४५-५० पीएसआय धरून सुरू करा, टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या खालीच राहा, आणि मागचा टायर खड्ड्यात रिमपर्यंत दबत असेल तर थोडी वाढवा. परत आल्यावर जे बाहेर काढलं नाही ते समोर मांडा. औषधं आणि हत्यारं सोडून बाकीचं घरी राहू दे.

परतीचं म्हणाल तर औंढ्याहून वसमतमार्गे नांदेड गाठा किंवा परभणीला परत या. दोन्हीकडे रेल्वे आहे, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये बुक होते. बॅगा काढून सोबत घ्या, सायकलला नाव-नंबरची चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा, पंप आणि दिवे काढून ठेवा, आणि गाडीच्या वेळेच्या तासभर तरी आधी पार्सल ऑफिसात पोचा. सगळ्या गाड्यांना जागा असतेच असं नाही, आदल्या दिवशी विचारून घ्या.

आता मला दोन गोष्टी कळवा. मागच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे की रिमचा? आणि मागच्या एक्सलजवळ फ्रेमला कॅरिअरसाठी आट्यांची भोकं आहेत का? डिस्क असेल तर खालचे पाय बाहेर वळलेलं कॅरिअर लागतं, आणि भोकं नसतील तर फ्रेमच्या नळीच्या मापाचे क्लॅम्प. नळीभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजून लिहिलीत तरी माप मी सांगतो.